पाचव्या रांगेतले वन्स मोअर

उत्तरा: नाही बाबा, चहा नंतर. आधी हे सांग. हा कागद तुझ्या शर्टाच्या खिशात होता, मशीनमध्ये टाकताना हाताला लागला. वाचू?

श्यामकांत: औषधांची यादी असेल गं.

उत्तरा: ऐक ना मग यादी. ‘अंक पहिला, पद दुसरे, शेवटचा शब्द सांजवेळी. दोनदा. अंक दुसरा, पद पहिले, शेवटचा शब्द माघारी. तीनदा, सुरुवात गुणाजींनी करावी. अंक तिसरा, ओवी, शेवटचा शब्द दिवा. एकदा, उभे राहून.’ कुठलं औषध उभं राहून घेतात?

श्यामकांत: ते आमच्या बागेतल्या मंडळाचं काहीतरी असेल. सकाळी फिरायला जातो, तिथे कोणी काय काय देतं.

उत्तरा: अक्षर तुझं आहे. खाली लाल पेनाने डबल रेघ. विमा कंपनीत छत्तीस वर्षं अशाच रेघा मारल्यास तू. आणि ही माझ्या नाटकातली पदं आहेत, बाबा.

श्यामकांत: बस जरा. अशी उभी राहून बोलू नकोस.

उत्तरा: काल मुलुंडच्या प्रयोगात काय झालं तुला कळलं तरी का?

श्यामकांत: झालं थोडं मागेपुढे.

उत्तरा: मागेपुढे? ‘माघारी’नंतर प्रबुद्धने, आमच्या दिग्दर्शकाने, नवी जागा घातलीय. गुरुवारच्या तालमीत ठरलं, म्हणून तुझ्या चिठ्ठीत नाही. ऑर्गन थांबतो, तबला थांबतो, मी श्वास घेते आणि मग शेवटची ओळ पुन्हा येते. मी श्वास घेतला आणि पाचव्या रांगेतून चौदा म्हातारे उठून ‘वन्स मोअर’! पद संपलं नव्हतं, बाबा. सगळं थिएटर हसलं. बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, ‘आधी होऊ तर दे!’

श्यामकांत: मला वाटलं संपलं. आवाज थांबला की संपलं, असंच धरतो मी.

उत्तरा: तोंडावर रंग होता म्हणून बरं. नाहीतर आत कशी लाल झाले होते ते पहिल्या रांगेला दिसलं असतं. पहिल्या रांगेत कोण होतं माहितीय?

श्यामकांत: कोण?

उत्तरा: संघमित्राबाई. ज्यांनी पेपरात अर्धं पान लिहिलं. तू लॅमिनेट करून टीव्हीवर लावलंयस ना, ते. त्या मुद्दाम दुसऱ्यांदा बघायला आल्या होत्या.

श्यामकांत: चांगलं लिहिलं होतं गं त्यांनी.

उत्तरा: काय लिहिलं होतं? म्हण ना, पाठ आहे तुला.

श्यामकांत: ‘पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या संगीत रत्नपारखीमध्ये नायिकेच्या पदाला रसिक तीन-तीन वन्स मोअर देतात. संगीत नाटक संपलं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन ऐकावं.’

उत्तरा: त्या ओळीवर पुरस्काराचं नामांकन आलंय. गायिका-अभिनेत्री, पाचांत एक. आज चार वाजता बोरिवलीला परीक्षक येतायत. आणि काल मध्यंतरात बाई आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘तुमची हितचिंतक मंडळी फार उत्साही आहेत हो.’ मेले मी तिथेच.

श्यामकांत: तू काय म्हणालीस?

उत्तरा: हसले. दुसरं काय करणार? कधीपासून चाललंय हे?

श्यामकांत: पहिल्यापासून नाही. पहिला प्रयोग आठव. गोरेगावातच होता, आपल्या घराजवळ. तू ते पद संपवलंस आणि काहीच नाही. चार टाळ्या पडल्या, त्याही हात झटकल्यासारख्या. माझ्या शेजारचा माणूस वेफर्स खात होता. तू तिथे उजेडात एकटी उभी होतीस गं. मला बघवेना. मग मीच ओरडलो. माझ्या मागून आणखी दोघं ओरडले. खरंच ओरडले.

उत्तरा: ते दोघं कोण?

श्यामकांत: एक गुणाजी होते.

उत्तरा: आणि दुसरा?

श्यामकांत: दुसऱ्याची ओळख नाही. आवाज आला होता. खोकला असेल तर देव जाणे.

उत्तरा: बाबा!

श्यामकांत: मग दुसऱ्या प्रयोगाला मंडळाला विचारलं. सगळे रिकामेच असतात रविवारी. सगळ्यांनी एकदम ओरडलं तर गोंधळ होतो, म्हणून चिठ्ठ्या केल्या. तिसऱ्या प्रयोगापासून बाकीची पब्लिकही ओरडायला लागली.

उत्तरा: खरी पब्लिक?

श्यामकांत: हो. म्हणजे आमच्यामागून ओरडायची.

उत्तरा: ओजसचं दुसऱ्या अंकातलं पद कापलं, ते माहितीय तुला?

श्यामकांत: कोण, तो नायक? का कापलं?

उत्तरा: वेळ पुरत नाही म्हणून. साडेसातला पडदा पडलाच पाहिजे, नंतर दुसऱ्या नाटकाचा सेट लागतो. तीनदा मी गायचं, वर पहिल्या अंकातलं दोनदा, म्हणजे पंधरा मिनिटं गेली. प्रबुद्ध म्हणाला, लोकांना उत्तरा हवीय तर ओजसचं पद काढू. ओजस तर वर मलाच म्हणाला, ‘तुला मागतायत, तू गा.’ दोन वर्षं ते पद घोटत होता तो.

श्यामकांत: हे मला ठाऊक नव्हतं.

उत्तरा: मी शाळेचा राजीनामा दिला तो कशावर?

श्यामकांत: तू म्हणालीस, गाण्याला वेळ द्यायचाय.

उत्तरा: तुझ्या चौदा म्हाताऱ्यांच्या भरवशावर दिला! अकरा वर्षांची संगीतशिक्षिकेची नोकरी. मला वाटलं, लोक एवढं मागतायत तर आहे काहीतरी आपल्या गळ्यात. आता मला कसं कळायचं, बाबा? सतरा प्रयोग झाले. त्यातलं खरं काय आणि तुझं काय, हे मी कोणाला विचारू?

श्यामकांत: तू चांगलीच गातेस.

उत्तरा: तुला कळतं?

श्यामकांत: नाही.

उत्तरा: काय?

श्यामकांत: मला गाण्यातलं काही कळत नाही, उत्तरा. कधीच कळलं नाही. आम्ही दोघं कार्यक्रमांना जायचो ना, तेव्हा तुझी आई कोपर मारायची. कोपर बसलं की मी ‘वा’ म्हणायचो. लोक म्हणायचे, श्यामकांत दर्दी माणूस आहे. ती गेल्यावर मला कोणी सांगणारं राहिलं नाही. तू गात होतीस आणि चांगलं होतंय की वाईट, हेच मला समजेना. बापाला समजू नये याची लाज वाटते गं. दुसरे ओरडले की तेवढं बरं वाटायचं.

उत्तरा: दुसरे तूच ओरडायला लावलेले असले तरी?

श्यामकांत: तेव्हा ते विसरायला व्हायचं.

[दाराची बेल. श्यामकांतांचे फिरायचे सोबती, दिंडोशीच्या वसाहतीत राहणारे निवृत्त गिरणी कामगार गुणाजी आत येतात.]

गुणाजी: श्यामराव, आजच्या चिठयो झाल्यो काय? परीक्षक येतले म्हनान मंडळी इस्त्रीचे कपडे घालून तयार आसत. अरे, बाय घरात आसा? मी मागसून येतंय.

उत्तरा: थांबा काका. मला सगळं कळलंय. बसा.

गुणाजी: कळला? बरा झाला. काल माका जेवान गेला नाय. एवढी वर्सा भजनात पेटी वाजवतंय, आणि पद संपायच्या आधी ओरडलंय. शरम वाटली माका.

श्यामकांत: गुणाजी, खूण मी दिली. चूक माझी.

गुणाजी: खूण तुमी दिलात, पण कान माझे होते ना? माका कळला होता की सम येवची आसा अजून. तरी तुमचो हात वर झालो नि मी तोंड उघडलंय. सवय लागली.

उत्तरा: काका, तुम्हाला गाणं कळतं. मग एक विचारते. राग आला तर येऊ दे, पण खरं सांगा. मी कशी गाते?

श्यामकांत: उत्तरा, आज प्रयोग आहे. आज नको.

उत्तरा: आजच. सांगा काका.

गुणाजी: खरा सांगू? तां ‘माघारी’वाला पद, ज्याका आमी तीनदा ओरडतो, तां तुझा चांगला नाय.

उत्तरा: हं.

गुणाजी: पयल्या दोन प्रयोगांत बरा होता. मगे तुका सवय झाली. आता ओरडतले, मगे ओरडतले, म्हनान तू आधीच थांबतंस. ताना वाढवतंस. तिसऱ्यांदा गातंस तेव्हा आमच्याकडे बघून मान लववतंस. गाना तिकडे रवता नि तू हिकडे.

श्यामकांत: बस करा हो.

उत्तरा: नको, बोलू दे. बरोबर बोलतायत ते. बाबा, तुझ्या एकट्याची चूक नाही ही. आठव्या प्रयोगापासून मला शंका होती. दर वेळी आवाज एकाच बाजूने यायचा. तुझा घोगरा आवाज मी ओळखणार नाही? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते बंद झालं असतं. ओजसचं पद कापलं तेव्हासुद्धा मी गप्प राहिले. चोरीचा माल घरात आलाय हे मला कळत होतं आणि मी तो वापरत होते.

श्यामकांत: असं बोलू नकोस.

उत्तरा: दुसरं कसं बोलू? काका, सगळंच वाईट आहे का?

गुणाजी: नाय गो बाय. तिसऱ्या अंकातली ओवी. चार ओळींची. ती तू कोनासाठी गात नाय. ठाण्याच्या प्रयोगात, मागच्या आयतवारी, माका खूण होती की उभा रवान ओरडायचा. मी उठलंय नाय. बाकीच्यांचेय हात धरलंय. ओरडलो असतो तर मोडला असता सगळा. कोन टाळीसुद्धा वाजवूक नाय. माझ्या बाजूची बाई पदर तोंडाक लावन बसली होती, नि ती आमच्या मंडळातली न्हय.

उत्तरा: मला वाटलं, त्या दिवशी ओवी पडली. मी विंगेत जाऊन रडले.

गुणाजी: पडूक नाय ती. पन श्यामराव माझ्यावर भडकले. 

उत्तरा: बाबा, ठाण्याला तू होतास ना? तुलाही काही जाणवलं नाही?

श्यामकांत: मी गुणाजींकडे बघत होतो. उठत का नाहीत म्हणून.

उत्तरा: आणि त्याआधीच्या प्रयोगांना? ओवी काय आहे, नायिका काय म्हणते त्यात?

श्यामकांत: शेवटी ‘दिवा’ येतं.

उत्तरा: त्याच्या आधी?

श्यामकांत: त्याच्या आधीचं नाही सांगता येणार.

उत्तरा: सतरा वेळा ऐकलंस.

श्यामकांत: ऐकलं नाही गं. मी शेवटच्या शब्दावर टपून बसायचो. कोण झोपलंय, कोण बाथरूमला गेलंय, चौदा पूर्ण आहेत का, हेच बघायचो. सतरा प्रयोगांना पहिला येऊन बसलो आणि माझ्या मुलीचं गाणं एकदाही ऐकलं नाही. हे तुला सांगायचं नव्हतं. हे सोडून बाकी सगळं सांगितलं असतं.

गुणाजी: मी निघतंय श्यामराव. मंडळींका सांगतंय, आज येव नकात.

उत्तरा: येऊ दे त्यांना काका. पण वेगवेगळे बसा, आणि ओरडायचं नाही. नाटक बघा. अजून एकानेही धड बघितलेलं नाही.

गुणाजी: सांगतंय तसा.

उत्तरा: मी प्रबुद्धला फोन करते. ओजसचं पद आजच परत घालायचं. आता आपल्याला वेळच वेळ आहे. आणि संघमित्राबाईंना सांगते की त्या तीन वन्स मोअरची ओळ खरी नव्हती.

श्यामकांत: परीक्षकांच्या दिवशी? नामांकन जाईल, उत्तरा.

उत्तरा: जाईल कदाचित.

श्यामकांत: बाईंना मी सांगतो. त्यांना फसवलं मी, तू नाही. आणि ओजसला फोनवर नको. मेकअपरूममध्ये जाऊन समोर उभा राहतो त्याच्या. काय बोलायचं ते सुचत नाहीये, पण उभा राहतो.

उत्तरा: तीन वाजता निघू या.

श्यामकांत: मी येऊ ना नाटकाला?

उत्तरा: ये. पाचव्या रांगेत बसू नकोस. मागे कुठेतरी बस.

श्यामकांत: आणि पद संपल्यावर कोणीच काही म्हटलं नाही तर?

उत्तरा: तर मला कळेल, बाबा.