आखूड काडी

ताई : अकरा सेकंद.

धाकटा : कशाचे?

ताई : एका थेंबाचे. द्राक्षवेलीची काडी कापली की टोकाशी पाणी जमतं, फुगतं, मग गळतं. सकाळी सतरा लागत होते. माती तापतेय. मुळं जागी झाली.

धाकटा : आणि मी पहाटेपासून जागा आहे, बॅगेवर बसून. गाडी फाटकाशी उभी आहे, ताई. आधी वकिलाकडे बागेच्या विक्रीवर तुझी सही, मग थेट विमानतळ. चष्मा कुठाय तुझा?

ताई : डोक्यावर. एवढी शेवटची ओळ झाली की निघू.

धाकटा : अगं, बाग घेणारा यंदाचं पीक काढून सगळ्या वेली उपटणार आहे. तिथं गोदाम होणार.

ताई : छाटलेली बाग ताब्यात द्यायची, असं ठरलंय.

धाकटा : कारणं तोंडपाठ आहेत तुला! मामा गेला, बाग तुझ्या नावावर झाली, तीन आठवड्यांत कागद आवरून येते म्हणालीस. सात महिने झाले. सोमवारी प्रयोगशाळेत उभी राहिली नाहीस तर नोकरी गेली. आणि इथे? दुकानात मीठ मागायचं तरी हातवारे करतेस.

ताई : आता मीठ येतं मागता. साबणाला अजून अडते. आणि ठरवायला पुरेशी माहिती नव्हती रे.

धाकटा : तुला कधी पुरली माहिती? फ्रीज घ्यायला दीड वर्ष लावलंस. तोवर आई दूध शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायची.

ताई : फ्रीज चालतोय ना अजून?

धाकटा : हसवू नकोस मला. या मुकादम, तुम्हीच सांगा हिला. मामाबरोबर तुम्हीही आपला देश सोडून आलात. परक्या मुलखात एकटीनं राहणं म्हणजे काय असतं?

मुकादम : पहिली तीन वर्षं जीव रमत नाही. चौथ्या वर्षी रमतो, मग त्याचंच वाईट वाटतं. पण मी वेगळ्याच कामाला आलो होतो. बाई, रागावणार नसाल तर बोलतो. तुमची छाटणी चुकलीय.

ताई : कुठे? फुटीचे डोळे मोजून ठेवलेत मी. प्रत्येक काडीवर.

मुकादम : लांब काडी बरोबर आहे. तिला यंदाचे घड लागतील. पण खोडाजवळ ही आखूड काडी का ठेवली? दोन डोळ्यांची?

ताई : ती ठेवतात ना? तुम्हीच तर शिकवलंत.

मुकादम : ते राखायच्या बागेचं. हिच्यावर यंदा काही धरायचं नाही. यंदा ही नुसती वाढणार, आणि पुढच्या छाटणीला हिचीच लांब काडी होणार. उपटायच्या बागेत ही कुणी ठेवत नाही. उगाच वेलीचा जोर खाते.

धाकटा : राहिली असेल एखाद्या वेलीवर.

मुकादम : छाटून झालेल्या सगळ्या ओळी फिरून आलो, साहेब. नऊशे वेली आहेत. एकीवरही बाई ती ठेवायला विसरल्या नाहीत.

(फाटकाशी हॉर्न वाजतो.)

धाकटा : ताई?

ताई : माझ्या लक्षात नाही आलं. खरंच.

धाकटा : नऊशे वेळा?

ताई : चूक असती तर इकडेतिकडे पडली असती. कधी ठेवली, कधी कापली. नऊशे वेळा एकाच बाजूला पडते तिला चूक म्हणत नाहीत. प्रयोगशाळेत नव्या मुलींना मी दर वर्षी हेच शिकवते.

मुकादम : मग कापू का त्या? दोन दिवसांचं काम आहे.

ताई : थांबा, मुकादम.

धाकटा : आईनं तुझ्या खोलीचे पडदे धुऊन लावलेत. काल फोनवर सांगत होती.

ताई : मलाही सांगितलं तिनं. दोनदा.

धाकटा : मग तिला काय सांगू मी? आणि ‘बघू’ म्हणू नकोस. ‘अजून थोडे दिवस’ही नको. सात महिने तेच ऐकतोय.

ताई : तिला मी सांगेन. आज, तू पोचायच्या आत.

धाकटा : काय सांगशील?

ताई : तुझी एकट्याची बॅग टाक गाडीत. मी इथे राहणार आहे.