पाणी पाजून झाल्यावर

फकिरा : आता बोला, ताई. लागला का पाय? दोन ड्रम आडवे, वर बल्ली, अन् घोडी पाखरावानी पलीकडं!

मनस्विनी : पलीकडे पाण्याचं घमेलं कशाला ठेवलंय?

फकिरा : आसंच. उडी मारली की इनाम. अनंतराव सायेब नाय आले? घोडं घ्यायला दर खेपेला तेच यायचे.

मनस्विनी : बाबा गेले, फकिराभाऊ. फेब्रुवारीत.

फकिरा : अरारा... आमाला कुणी कळवलं बी नाय.

सरूबाई : मागल्या खेपेला माझ्या हातचा चहा दोनदा मागून घेतला व्हता त्यांनी.

मनस्विनी : घरी आल्यावर सांगत होते. ...जरा घट्ट धरा हिला. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ही बघा, अजून तशीच उभी. कधीपासून पाणी नाही हिला?

फकिरा : सकाळीच पाजलं की.

सरूबाई : गेलेल्या माणसाच्या लेकीशी तरी खोटं बोलू नका. काल दुपारपासून थेंब नाय, ताई.

फकिरा : तू गप बस गं! टँकर तीन दिसाला येतो, जनावराला किती पुरवायचं?

सरूबाई : टँकर कालच आला. घरात ड्रम भरलेला हाय.

मनस्विनी : फकिराभाऊ?

फकिरा : ...तहानलेलं जनावर पाण्यापायी कशावरनंबी जातं, ताई. पण ती उडती, खरंच उडती. शहराच्या पाइपलाइनला चर खणलाय ना, तो रोज पार करती. फकस्त तुमच्यासमोरच नाय उडाली तर? संध्याकाळी वीटभट्टीवाला तिला घ्यायला येणार हाय. तिथं दोन वर्सं बी नाय निघायची तिची.

मनस्विनी : आणि माझ्याकडे हिच्यावर नऊ वर्षांची मुलगी बसणार आहे. माझी स्वराली. दिवाळीनंतर तिची पहिली स्पर्धा. तिथे बल्लीच्या पलीकडे घमेलं नसतं. ही ऐन वेळी थांबली, तर पोर मानेवरून पुढे जाईल.

फकिरा : म्हंजी नको म्हणता?

मनस्विनी : आधी पाणी द्या तिला. थोडं थोडं करून, पोटभर. मग तासभर थांबू. त्यानंतर उडाली तर नेते.

सरूबाई : मी आणते घरातलं.

(तासाभरानं. घमेलं उचललेलं, सावली ड्रमांपर्यंत आलेली.)

फकिरा : सरका. मी बसून दाखवतो.

मनस्विनी : तुम्ही नको, तुमची सवय आहे तिला. आमच्या घोडेस्वारीच्या शाळेत मुलांच्या आधी नव्या घोड्यावर घरचं माणूस बसतं. बाबा बसायचे.

सरूबाई : अन् आता?

मनस्विनी : आता मीच.

फकिरा : आधी बसलाय ना पर?

मनस्विनी : लहानपणापासून. फक्त तेव्हा खाली बाबा उभे असायचे.

फकिरा : टाका पाय, रिकीब धरलीय मी. हां... लगाम लई आवळू नका, ताई. तुमी घाबरलाय, तिला कळतंय ते.

मनस्विनी : मलाही कळतंय. बाजूला व्हा.

सरूबाई : अवो, पडल्या बिडल्या तर? लेकरू हाय त्यांना घरी.

फकिरा : आता टोकू नको. आली बघ... उचल पाय. उचल गं माझे बाय...

सरूबाई : गेली! अवो, गेली!

फकिरा : बल्ली हलली बी नाय! ताई, पलीकडं पाणी नाय, काय नाय, अन् गेली का नाय? बोला, कशी वाटली?

मनस्विनी : माहीत नाही.

फकिरा : आता घ्या! वर बसला व्हता तुमी, अन् माहीत नाय?

मनस्विनी : मी डोळे मिटले होते, फकिराभाऊ. सरका, परत एकदा बल्लीवर आणते तिला.