लाल झालरीचा गळ

सुम्न कूडरी, जावईबापू, गप बसा की जरा — पाय आपटू नका, पाण्याला सगळं कळतं. घरी जाऊ की, कोण न्हाय म्हणतंय? हुसेनसाब दुपारी टांगा घिऊन येतो. व्हय, रोज तो हितंच थांबतो, आज जरा काम सांगितलंय त्याला. तुमी एवढं दुधनीवरनं आलाय, सासऱ्याचा नाद तरी बघून जावा — आन् घरात बोलू नका हां, तुमच्या सासूला, चंद्रव्वाला, नुसता मासळीचा वास आला तरी ती डोक्यावरनं पाणी घेती. आमी लिंगायत, तोंडाला लावतोय व्हय? सगळी हुसेनसाबच्या घरी जाती. मग मारता कशाला म्हणता? मजा येती म्हणून. दिवसभर सूत विकायचं, ह्याला नमस्कार, त्याला नमस्कार — माणसाला कुटंतरी खरं वागायला जागा लागती का न्हाय?

हे बघा, हातात घ्या. ह्याला जिग म्हणत्यात, मासा फसवायचं खोटं आमिष. गिरणीतला गोरा साहेब परत जाताना काठी आन् रीळ मला देऊन गेला, त्यानंच शिकवलं. हे शिशाचं डोकं, चुलीवर मीच ओतलंय. ह्यो गळ. आन् ही झालर हाय न्हवं, लाल-पिवळी — आपल्याच दुकानातलं आर्ट सिल्क, ज्याच्या चादरी विणत्यात लोक. मागं सायकलच्या ट्यूबची पट्टी, शेपटीवानी हालती. आन् टोकापुढं हे ताठ केस दिसत्यात? दात घासायच्या ब्रशाचे हायत. त्यामुळं गळ शेवाळात अडकत न्हाय, मासा चावला की केस दबत्यात आन् टोक आत. साहेबाकडं बी असलं न्हवतं. हसा की! सासरा सांगतोय आन् तुमी आपलं तोंड पाडून —

बरं, तिकडं बघा, पाणकणसाच्या कडंला, पाण्यावर लाल लाल काय वळवळतंय? मरळीची पिल्लं. श्वास घ्यायला सारखी वर येत्यात, अन् खाली आईबाप दोघं राखणीला. मरळीसारखी माया कुणाची न्हाय बघा — पिल्लं असली की खाणं-पिणं सोडत्यात. आता येडा माणूस काय करंल? बेडकी लावून बसंल. भूक नसलेल्याला बेडकी दाखवून काय उपेग? मी काय करतो — पिल्लांच्या पल्याड टाकतो, डोक्यावर न्हाय, पल्याड, आन् काठीचं टोक वर धरून सावकाश वढत आणतो. थांबवायचं न्हाय. थांबलं की शिसं तळाला जातं. पवत ठेवायचं, पिल्लांच्या मधनं, एका चालीनं — असं — असं. बापाला वाटतं पोरांत कोणतरी शिरलं. भुकेनं न्हाय येत तो, रागानं येतो. तोंड उघडतो. तोंड उघडलं की संपलं.

हां, तुमचं आलं लक्षात. पाठवणी. अहो, पाठवायला मी न्हाय म्हणतोय व्हय? पहिलं बाळंतपण माहेरी, मग पाळण्यासकट सासरी, रीत मला म्हाईत न्हाय काय? पर दाक्षायणीच म्हणती न्हाय जायचं. काल तुमी सोप्यावर बसला, मी आत जाऊन इचारलं की — म्हणली, तोंड बघायचं न्हाय. मी काय करू? मजेत हाय पोरगी, दोन वेळेला तूप-भात, हळदीचं दूध. दुधनीला काय हाय, ते एवढंसं किराणा दुकान आन् तुमच्या आईचा खोकला. बारशाला बोलावलं न्हाय म्हणता? घाई झाली. आन् नाव काय वाईट ठिवलंय, चनमल्लप्पा, माझ्या बापाचं नाव हाय. काल तुमी घेतल्यावर रडलं की ते. माझ्याकडं आलं आन् गप झालं. बघितलं न्हवं?

— आला! टोक खाली, टोक खाली करायचं, लगेच झटका न्हाय, गिळू द्यायचं — आता! बघा, बघा काठी कशी वाकली! साहेबाचं रीळ हाय, तुटत न्हाय. कडंला आला... नर हाय. बापच. कसा बघतोय बघा. सोडा? कशाला सोडू? त्यो दगड द्या हिकडं. डोक्यात एकच मारायचा — असा. तोंड काय फिरवता, मासाच हाय की.

पिल्लांचं काय? जरा बघत बसा. बाप गेला की बाकीचे मासे तुटून पडत्यात. आन् मादी तितंच घिरट्या घालती, येड्यासारखी. काय बी टाका तिच्यापुढं, शिवत न्हाय. आमची दाक्षायणी बी तशीच, ताट पुढं ठिवलं तरी खिडकीतनं रस्त्याकडंच —

काय? मी मासळीचं बोलतोय. तूप-भात म्हनलो व्हय मघाशी? मग खाती की. कधी खाती, कधी न्हाय, बाळंतिणीचं असतंच. बसा. बसा म्हणतोय! चालत कुटं निघाला? घरी कोण न्हाय. ऐका की — घरी कोण न्हाय. हुसेनसाबनं सकाळीच चंद्रव्वाला, दाक्षायणीला आन् पोराला यष्टी स्टँडवर सोडलं. कुटं, ते इचारू नका. म्हणून तर तुमाला हितं आणून बसवलं, न्हायतर मला काय तुमची हौस हाय?

असं बघू नका. माझं ऐका. मला चार पोरी, पोरगा एक न्हाय. दुकान बंद केल्यावर आत एकटाच बसतो मी, जावईबापू, भ्या वाटतं त्या दुकानाचं. दाक्षायणीला न्या. खरंच न्या, उद्याच पाठवतो, पाळणा सोडून. पोरगं ठेवा. तुमी तरणे हाय, तुमाला होतील की आणखी, मला कुटनं होणार? त्याला काय कळतंय एवढ्याशाला, जो पुढं पवंल त्याच्या मागं जातंय —

ओ! काठी सोडा! मोडाल ती! — मोडली. साहेबाची काठी मोडली की रं भाड्या! जा, पळ! हुसेनसाबला इचारून उपेग न्हाय, माझी मासळी खाल्लीय त्यानं, तोंड उघडायचा न्हाय! ट्रक थांबवतोस? थांबव की! टेंभुर्णीपतुर गेलास, तिला गाठलंस, तरी ती दार उघडायची न्हाय तुला! म्या सांगून ठिवलंय तिला, दुधनीत दुसरी आणलीस म्हणून —

...

जावईबापू? ओ... ऐकलं काय तुमी?