झुंजुमुंजूची बावीस मिनिटं

भाची: ...‘माणूस आहे एवढं दिसतं, पण कोण ते ओळखू येत नाही, अशी पहाट आणि उजेड यांच्या मधली वेळ. सुमारे बावीस मिनिटं.’ झालं. हा शेवटचा शब्द. पानं बांधू?

आत्या: थांब. किती मिनिटं?

भाची: बावीस.

आत्या: नव्वदच्या नव्वद कार्डांची सरासरी?

भाची: हो. आत्या, छापखान्याचा माणूस पाचला येतोय. पावणेपाच झाले.

आत्या: येऊ दे. मग माझा गुरुवार कुठे गेला?

भाची: कुठला गुरुवार?

आत्या: गेल्या गुरुवारी मी समोरचा बेकरीवाला ओळखला, तोवर त्याची सायकल भरूनही झाली होती. पायरीवर माणूस दिसल्यापासून एकेचाळीस मिनिटं लागली. मी तोंडी सांगितली, तू लिहून घेतलीस. वाच ते कार्ड.

भाची: ...त्यावर बावीस आहे.

आत्या: कोणी लिहिलं बावीस?

भाची: मी. तुझा आकडा खोडून.

आत्या: किती कार्डांवर?

भाची: शेवटच्या चोवीस.

आत्या: वा. तीन महिने मी गॅलरीत पाय गारठवत उभी राहते, आणि शास्त्रज्ञबाई पांघरुणात बसून पहाट दुरुस्त करतात. जुन्या कोशवाल्यांनी काय वेगळं केलं? झुंजुमुंजू म्हणजे पहाट, एवढं खरडून मोकळे झाले. पहाटेला काळोख असला तरी चालतो, उजाडलं म्हणजे चेहरे दिसायला हवेत. या दोन्हींच्या मधलं कोणी पायरीवर माणूस ठेवून पाहिलं होतं का? मी पाहिलं. आणि तू ते पुसलंस.

भाची: तुझे आकडे चुकत होते.

आत्या: डोळ्यांनी पाहिलेलं चुकतं होय?

भाची: आत्या, बस ना जरा. मघापासून येरझाऱ्या घालतेयस.

आत्या: बोल तू. मला उभ्याने ऐकू येतं.

भाची: पहिल्या सहासष्ट कार्डांवर बावीस, एकवीस, तेवीस. मग पंचवीस. मग एकोणतीस, चौतीस. दिवस मोठा होतोय, सूर्य रोज थोडा लवकर येतोय, आणि तू त्याच बेकरीवाल्याला रोज थोडं उशिरा ओळखतेयस. गुरुवारी तू त्याला ओळखलंस तेव्हा सूर्य वर येऊन बराच वेळ झाला होता.

आत्या: ढग असतील.

भाची: नव्हते.

आत्या: गॅलरीची काच मळलीय.

भाची: काच मी रविवारी पुसली. ...मघाशी मी दारात आले, तेव्हा तू ‘कोण?’ म्हणालीस. दुपारी चार वाजता.

आत्या: बोललीस म्हणजे कळलंच की मला, कोण ते.

भाची: कधी सांगणार होतीस?

आत्या: हा वेळांच्या शब्दांचा शेवटचा खंड छापून झाल्यावर. कोशमंडळाला कळलं तर दुसऱ्या दिवशी काम दुसऱ्याच्या हाती देतील. एकोणीस वर्षं आहेत यात, पोरी. तूही चोवीस दिवस गप्पच होतीस ना?

भाची: मला वाटलं, आकडे सरळ केले की कोणी तुला काही विचारणार नाही.

आत्या: मीसुद्धा विचारलं नसतं स्वतःला.

(दारावर टकटक. छापखानेवाले आत येतात.)

छापखानेवाले: बाई, मशीन उभं ठेवून आलोय. पानं द्या, निघतो.

आत्या: सोळा आहेत. एकावर एक शब्द राहिलाय.

छापखानेवाले: कुठला?

भाची: झुंजुमुंजू.

छापखानेवाले: एवढंच? अहो, मी रोज झुंजुमुंजूला घर सोडतो. आमची मंडळी त्याला ‘मेलं अजून अंधारच आहे’ म्हणतात. तेच लिहून टाका.

भाची: काका, आकडा बरोबर आहे. आत्या, पहिल्या सहासष्टांचीही सरासरी बावीसच येते. जाऊ दे ना पान.

आत्या: आकडा बरोबर असेल. पण खाली ‘नव्वद दिवस स्वतः पाहिलं’ असं छापलंय आणि त्यावर माझं नाव आहे. तिथे सहासष्ट करा.

छापखानेवाले: करतो. पण मंडळाचे सेक्रेटरी विचारतील हो. मागच्याच आठवड्यात नव्वद नव्वद करत मिरवत होते. काय सांगू त्यांना?

आत्या: सांगा... पुढचं बाईंना दिसलं नाही.

छापखानेवाले: म्हणजे?

आत्या: म्हणजे तुम्ही आता दारात आहात, एवढं दिसतंय. मिशी ठेवलीत की काढलीत, ते सांगता येणार नाही.

छापखानेवाले: ...ठेवलीय, बाई.

आत्या: बरी दिसत असेल.

छापखानेवाले: सेक्रेटरींना मी काही बोलत नाही. तुमचं तुम्ही सांगा, सवडीने. सहासष्ट करून घेतो. येतो, ताई.

भाची: दार ओढून घ्या, काका.

आत्या: सवडीने कसली. फोन दे इकडे, आत्ताच सांगते. नंतर धीर व्हायचा नाही.

भाची: आधी डॉक्टरांना लावते. सकाळी नऊची वेळ मिळाली तर?

आत्या: घे. पण पोहोचवून पळायचं नाही. आत यायचं.

भाची: येते. आणि ती चोवीस कार्डं? फाडून टाकू?

आत्या: फाडतेस कशाला? खोडलेले आकडे वाचता येतात का?

भाची: येतात. मी एकच रेघ मारलीय.

आत्या: मग घे बरोबर. कधीपासून, असं विचारतील डॉक्टर. मला नीट सांगता यायचं नाही. त्यात तारखा आहेत.