वज्रकेतूच्या पायातले बूट

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही हात सोडा घटकाभर. एक प्रश्न विचारतो. दिलेला शब्द पाळायचा, हे तुम्हाला मान्य आहे ना? बघा, सगळ्यांच्या माना हलल्या! पण तो शब्द गोष्टीतल्या माणसानं दिला असेल तर? राजा खोटा, राक्षस खोटा, राक्षसाची शिंगं पुठ्ठ्याची. मग त्या खोट्या माणसानं दिलेला शब्द पाळायचं काही कारण आहे का? सांगा! आता का माना खाली? असू दे. मलाही सांगता येत नव्हतं. मला एका म्हातारीनं शिकवलं, आणि शिकवताना असा कान पिळला की अजून ठणकतो.

ऐका तर!

दहिवळ गाव. तिथं छबूआक्का ढोणे राहते. वय सहासष्ट. नवरा वारलेला. मुलगा एसटीवर चालक, आज सोलापूर तर उद्या नांदेड. घरात राहणाऱ्या दोघीच, छबूआक्का आणि तिची सून वैजयंता. आक्काचा जन्म गेला पोथी ऐकण्यात. चातुर्मास लागला की देवळात पोथी, रोज ठरल्या वेळी, रोज एक अध्याय. आणि पोथी सुरू झाली की आपल्या बाया नेम धरतात. कुणी वांगं सोडते, कुणी साखर सोडते. (कुणी भांडण सोडल्याचं अजून माझ्या ऐकण्यात नाही. ताई, हसू नका, तुमच्याकडे बघून म्हणालो नाही!) पोथीची समाप्ती झाली, नैवेद्य झाला, की नेम सुटतो. त्याआधी नाही.

नवरा गेला त्या वर्षी आक्का देवळात आलीच नाही. भिंतीला टेकून बसून राहायची. वैजयंताला बघवेना. तिनं एके संध्याकाळी टीव्ही लावून दिला. नवी मालिका सुरू होत होती – वज्रकेतू!

काय सांगू तुम्हाला तो वज्रकेतू! आभाळातून उडत येतो, हातातून वीज सोडतो, आणि अंगात निळे कपडे इतके घट्ट की बिचारा जेवत कसा असेल कोण जाणे! पहिल्याच भागात कालदंष्ट्र नावाचा राक्षस त्याच्या आईला धरतो आणि पाताळविहिरीत कोंडतो. विहिरीला सात दारं, सात दारांना सात कुलपं. वज्रकेतू विहिरीच्या काठावर गुडघे टेकतो. पायातल्या वहाणा काढतो, काठावर ठेवतो आणि म्हणतो, "आई, तू बाहेर येशील त्या दिवशी तुझ्याच हातानं या वहाणा घालीन. तोवर अनवाणी!"

झालं! छबूआक्का उठली. उंबऱ्याशी असलेल्या आपल्या चपला उचलल्या, पुसल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. टीव्हीपुढं हात जोडले आणि म्हणाली, "ह्याची आई सुटंपतोर मी बी अनवानी."

वैजयंता घाबरली. "आत्या, अवो ती मालिका हाय!"

"रोज ठरल्या वक्ताला लागती न्हवं?"

"लागती की."

"रोज फुडं जाती न्हवं? मग पोथीच ती. समाप्ती हुईलच."

चूक कळली का, मंडळी? हसण्यासारखी चूक आहे, पण हसू नका. तिच्या साऱ्या आयुष्यात कुणी गोष्ट सुरू केली आणि अर्धी टाकली, असं पोथीत कधी झालंच नव्हतं. अरण्यात गेलेला परत येतो. कोंडलेला सुटतो. तिनं टीव्हीवर तेवढाच विश्वास टाकला.

आणि हाच नेम का धरला? सांगतो. आक्का एकोणीस वर्षांची, नवी सून, तेव्हा माहेरी तिची आई आजारी पडली. निरोपावर निरोप आले. मळणीचे दिवस, सासूनं धाडलं नाही. आक्का माहेरी पोचली ती दहाव्याला. तिथं शेजारणीनं सांगितलं, तुझी आई शेवटपर्यंत दाराकडं बघत होती गं. सत्तेचाळीस वर्षं हे वाक्य त्या बाईनं पोटात ठेवलंय. त्यात हा निळा पोरगा म्हणतो, आई, मी तुला सोडवीन. तिला वाटलं, आपल्या हातून झालं नाही, निदान याच्या हातून होऊ दे. तेवढंच तिचं मागणं होतं.

मग वर्षं गेली. एक, दोन, तीन! आक्का अनवाणी शेतात, अनवाणी बाजारात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यानं पाय भाजले तर कडेच्या गवतातून चालायची. आणि मालिका? काय चाललं होतं तिकडं? वज्रकेतूची स्मृती गेली. परत आली. परत गेली! त्याला जुळा भाऊ निघाला. कालदंष्ट्र मेला, आणि पुढच्या आठवड्यात काही न सांगता जिवंत होऊन चहा प्यायला बसला! वैजयंता चिडायची, "आत्या, ह्यांला काय बी ताळतंत्र ऱ्हायलं न्हाई." आक्का म्हणायची, "पोथीत बी उपकथा असत्यात. येत्याल वळणावर."

आणि एका सोमवारी आक्का टीव्हीपुढं शेंगा सोलत बसली असताना वज्रकेतू उडत आला, जमिनीवर उतरला, आणि आक्काचा हात शेंगेवर तसाच राहिला.

"वैजू... ह्याच्या पायात काय हाय?"

वैजयंतानं बघितलं. बूट! गुडघ्यापर्यंतचे, चकचकीत, सोनेरी पट्ट्यांचे बूट!

"आई सुटली? कवा सुटली? मला डुलकी लागली हुती का?"

डुलकी कशाची! वैजयंतानं मोबाइलवर मागचे भाग काढले. दोघी चार दिवस बघत बसल्या. आई कुठंच सुटली नव्हती. आईचं नावच कुणी काढलं नव्हतं. शुक्रवारी अनवाणी असलेला पोरगा सोमवारी बूट घालून आला होता, आणि साऱ्या मालिकेत एकानंही त्याला विचारलं नाही, की बाबा रे, तुझ्या आईचं काय झालं?

आक्का त्या दिवशी जेवली नाही.

त्याच आठवड्यात बांधावर तिच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. आक्काला साखरेचा आजार. जखम भरेना. तालुक्याचे डॉक्टर सरळ बोलले, "आजी, आजपासून चप्पल. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल जाईल." वैजयंता तिथंच रडायला लागली. आक्का म्हणाली, "मालिका संपत आलीया, डाक्टर. शेवटाला तरी सोडवतीलच."

शेवटचा भाग लागला. वज्रकेतूचं लग्न झालं. सगळे नाचले. राक्षससुद्धा नाचला! मग नवरानवरी आभाळात उडाली, आणि पडद्यावर अक्षरं आली – समाप्त. मागोमाग साबणाची जाहिरात.

आक्का त्या जाहिरातीकडं बघत राहिली. "संपलं?"

"संपलं, आत्या."

"आन ती? ती खालीच ऱ्हायली?"

वैजयंता खाली बसली. तिनं पाय धरले. "आत्या, घाला आता चपला. खोटी गोष्ट हुती ती."

आक्का काय म्हणाली, नीट ऐका. "गोष्ट खोटी हाय, मला ठावं हाय गं. मी काय येडी हाय? पर नेम माझा खरा हाय. ती सुटल्याबिगर मी कशी घालू?"

आता पुढं बघा. तालुक्याच्या वाचनालयात बक्षीस समारंभ होता आणि प्रमुख पाहुणे कोण? वज्रकेतूचे लेखक! ऋत्विकराव! आक्कानं जखमेवर फडकं बांधलं आणि भर दुपारी चार किलोमीटर चालत गेली. वैजयंता बरोबर, चपला पिशवीत घेऊन. भाषण झालं, टाळ्या झाल्या. कुणाला काही विचारायचंय का, असं संयोजक म्हणाले. मागच्या ओळीतून आक्का उठली.

"लेखकसायेब, ती आई कवा सुटली?"

ऋत्विकराव हसले. गोड माणूस, वाईट नव्हता हो. माइक जवळ घेतला आणि विचारलं –

"कोणती आई?"

मंडळी! कोणती आई! ज्यानं तिला विहिरीत घातलं, तो विचारतो कोणती आई! आक्का पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. वैजयंता सांगते, तिच्या ओठांवरचा रंग गेला होता.

"पाताळविहिरीतली," आक्का म्हणाली. "सात कुलपांमागची."

लेखक आठवायला लागले. खरंच आठवायला लागले! मग म्हणाले, "अच्छा, ते होय! आजी, तेव्हा दुसरे लेखक होते. मी नंतर आलो. मग त्या नटीनंही काम सोडलं. सातशे भाग झाले हो. एवढं कुणाच्या लक्षात राहतं?"

"माझ्या ऱ्हायलं," आक्का म्हणाली आणि बसली. सभागृहात कुणाला हसायचं सुचलं नाही.

त्या दिवसांत दहिवळच्या देवळात माझा सप्ताह चालू होता. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी दशमी होती. त्या दुपारी आक्का माझ्याकडं आली आणि हे सारं सांगितलं. मी काय केलं असेल? मी हसलो! पोट धरून हसलो. म्हटलं, "आक्का, काय हे आजकालचे कथा सांगणारे! स्वतःच्याच गोष्टीतली आई विसरतात!"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "बुवा, तुमी हसू नगा. चार वर्सांमागं, आमचं मालक हुतं तवा, तुमी ह्याच देवळात कोष्ट्याच्या लेकीची कथा लावली हुती. नदीला पूर आला, ती झाडावर चढली, खाली पानी वाढाया लागलं. तेवढ्यात आचाऱ्यानं हातानं खून केली, की भात निवतोय. तुमी म्हनलात, असो, आन आरती घेतली. त्या लेकीला उतरिवलीत का?"

आणि मंडळी, माझ्या तोंडून काय निघालं असेल? देवाशपथ सांगतो, मी विचारलं –

"कोणती लेक?"

मी! तीस वर्षं या गादीवर उभा राहणारा मी! शब्द तोंडातून गेला आणि माझा मलाच ऐकू आला. म्हणजे चार वर्षं ती पोर झाडावर होती, खाली पाणी होतं, आणि मी गावोगाव जिलेबी खात हिंडत होतो! मला लाज वाटली, मंडळी, आणि ती अजून गेलेली नाही.

मी म्हटलं, "आक्का, सांगा, मी काय करू?"

"नेम बारशीला सुटतो," ती म्हणाली. "परवा बारस हाय. दोघींला बी सोडवा."

द्वादशीची सकाळ. देऊळ भरलेलं. आधी मी कोष्ट्याच्या लेकीला उतरवलं. होडी आणली, नावाडी आणला, बापाच्या गळ्यात पडेपर्यंत तिला सोडलं नाही. मग वज्रकेतू घेतला. म्हटलं, "आणि वज्रकेतूनं हातातून वीज सोडली, सातही दारं फुटली, आई बाहेर..."

"थांबा, बुवा!" समोरून आक्का. "असं कसं? सात कुलपं हायती. एकेक उघडा."

उघडली! काय करतो? पहिलं विजेनं उघडलं. दुसऱ्यालाही वीज काढली, तर आक्का म्हणते, "तेच तेच नगं." घाम फुटला मला! तिसऱ्याची किल्ली राक्षसाच्या बहिणीकडून आणली, चौथ्यासाठी त्याला उडायची विद्या गहाण टाकायला लावली. पाचवं, सहावं कसंबसं उघडलं. सातव्यापाशी आलो आणि माझी मती संपली. सारं देऊळ माझ्याकडं बघतंय. मी हात जोडले. "आक्का, हे माझ्यानं उघडत नाही. तुम्हीच उघडा."

आक्का बसल्या जागेवरून बोलली. आवाज मोठा नव्हता.

"त्येनं आधी बूट काढलं. अनवानी हुबा ऱ्हायला दारापाशी. वीज न्हाई, काई न्हाई. म्हनला, आई, मी इसरलो हुतो. म्हनला, माझं चुकलं. कुलूप आपसूक गळून पडलं. आई भाईर आली. ती रागं भरली न्हाई, बुवा. ती म्हनली, पाय बघू तुझं."

एवढं बोलली आणि आक्काला रडू फुटलं. सत्तेचाळीस वर्षांचं रडू होतं ते. देवळातल्या बायका उठल्या, पुरुष खाली बघायला लागले, आणि माझी चिपळी हातात तशीच राहिली.

वैजयंता पुढं झाली. पिशवीतून चपला काढल्या. आक्काच्या हातात द्यायला लागली, तर आक्का म्हणाली, "तुझ्या हातानं घाल. आईच्या हातानं घालायच्या अशी बोली हुती. माझी आई न्हाई. तू हाईस." सुनेनं फडक्याची गाठ सोडली, जखमेवरनं पदर फिरवला आणि सासूच्या पायात चपला घातल्या. समाप्ती झाली! अंगठ्याचं नख गेलं, पण अंगठा राहिला, पाऊल राहिलं. परवाच बाजारात भेटली मला. चालत होती तरातरा.

आता तुमची पाळी. त्या लेखकाला नावं ठेवायला सोपं आहे, मी ठेवून बघितली. पण आपणही रोज गोष्ट सुरू करतोच ना? आई, पुढच्या महिन्यात येतो. बाई गं, यंदा तुला माहेरी नेतो. दादा, हे एवढं होऊ दे, मग तुझंच बघतो. शब्द देताना आपण गुडघे टेकतो, डोळ्यांत पाणी आणतो. मग आपल्या मालिकेत लग्नं होतात, नवी माणसं येतात, आणि एका सोमवारी आपल्या पायात बूट असतात. खाली सात कुलपांमागं कुणीतरी दाराकडं बघत बसलेलं असतं. आणि ते लांब नसतं हो. कधी कधी आपल्याच घरात, मागच्या खोलीत असतं.

आचारी तिकडून खूण करतोय, भात निवतोय. निवू दे! एक काम सांगतो, मग पंगत.

तुम्ही सगळ्यांनी चपला मंडपाबाहेर काढल्या आहेत. या घटकेला इथं प्रत्येक जण अनवाणी आहे. घरी जाताना चपलेत पाय घालण्याआधी तिथंच जरा थांबा, आणि आठवा – खाली कोण राहिलंय. नाव आठवलं तरच चप्पल घाला. नाही आठवलं, तर तसेच अनवाणी चालत जा. खडे बोचतील. घर येईपर्यंत आठवेल.