टाकीवरचा वाघ

मुरबाडच्या स्टँडवर कमळाकर पेंटर टोकावड्याच्या गाडीची वाट बघत होता. मागच्या बाकावर रुचिता आणि स्वरूप गावातली चित्रं शोधून फोटो काढायची स्पर्धा ठरवत होते.

“पाण्याच्या टाकीवरचा वाघ घेऊ या रे?”

कमळाकर सावरून बसला. तो वाघ त्याच्याच हातचा.

“वाघ? मला तर ती मांजर वाटायची गो!”

“खाली ‘वाघ वाचवा’ लिवलंय ना.”

“आधी पेंटरपासून वाचवा!”

“मग कोडंच टाकू, गावातलं सगळ्यात भिकार चित्र शोधा.”

“आख्खा गाव टाकीखाली जमंल.”

“माझ्या मोबाइलात टाकीचा फोटो हाय, त्यात पेंटरचा नंबर पन दिसतोय. बक्षीस द्यायला त्यालाच बोलवू. थांब, लावते.”

कमळाकरच्या खिशात फोन वाजला. त्यानं मागं न बघता तो कानाला लावला.

“पेंटर नाय येनार, पोरी. त्याला वाघानं खाल्ला.”