नव्वदच्या आत यायला माणसं किती लागतात

नाही, पण मला एक सांगा, एका म्हाताऱ्याच्या तोंडातला पाव काढून घ्यायला माणसं लागतात किती? एक? दोन? बरं, बायको धरून तीन म्हणा! इथं अख्खी गल्ली लागली हो माझ्या मागे, अख्खी! आणि वर त्याला छळ म्हणायचं नाही हं. छळ म्हटलं की आमच्या हिचे डोळे मोठे होतात... आधार म्हणायचं! "अहो, एकट्याने होत नाही, आधार लागतो!" बरं बाई, लागतो. लागतो म्हणून काय चारी बाजूंनी लावायचा? मी काय पडकी भिंत आहे?

तर तुम्हाला सांगतो, या सगळ्याच्या मुळाशी आहे माझा डावा गुडघा. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी गुडघा दुखतो त्यात नवल ते काय? अहो, बाकीच्यांना गुडघा लागतो चालायला. मला लागतो पळायला! खोडी काढल्यावर माणसाने पळायचं नाही तर काय, उभं राहून सत्कार घ्यायचा? उभी हयात मी लोकांच्या बेल वाजवल्या, मिटलेल्या छत्र्यांत कागदाचे कपटे भरले, झोपलेल्या माणसांच्या बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधल्या, आणि कधी, कधी म्हणून सापडलो नाही! आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वकिलाची बेल वाजवली, वळलो, पहिली पायरी उतरतो न उतरतो तोच गुडघा अडकला. कट्! पाय वर येईना, खाली जाईना. मागे दार उघडलं. म्हटलं, आता खातोय शिव्या. खरं सांगू, आतून बरंसुद्धा वाटलं, म्हटलं एवढ्या वर्षांनी सापडलोय तर शिव्या तरी खणखणीत मिळतील! तर तो वकील काय म्हणतो? "या ना आजोबा, या! भेटायला आलात? जिना चढून? अगं, आजोबांना खुर्ची दे!" खुर्ची दिली हो! पाठीला उशी दिली! उशी! मी मनात म्हटलं, खलास. ज्या दिवशी खोडकराला लोक उशी देतात, त्या दिवशी तो संपला.

म्हणून गेलो गुडघ्याच्या डॉक्टरणीकडे. वयाने माझ्या नातीएवढी, पण आवाज हेडमास्तरचा. म्हणाली, "आजोबा, गुडघा नवा बसवते, पण एकशेचार किलो घेऊन त्याच्यावर उभे राहणार असाल तर मी हात लावणार नाही. नव्वदच्या आत या, मग या." मी म्हटलं, "बाई, त्याच टेबलावर तेवढे चौदा किलो कापून टाका की, एका खर्चात दोन कामं!" हसली नाही. डॉक्टर झाल्यावर यांचं हसू काढून ठेवून घेतात की काय, देव जाणे. म्हणाली, "कार्ब बंद." मी म्हटलं, "शपथेवर सांगतो, मी जन्मात कधी कार्ब खाल्लेलं नाही! मी आपला पाव, भात, बटाटा आणि साखर, एवढ्यावर जगणारा साधा माणूस!" तिने कपाळाला हात लावला. "आजोबा, तेच ते!" घ्या! म्हणजे सबंध टोळीच एका नावाने पकडली!

मग खायचं काय? तर अंडं खा, मासा खा, पाला खा, काकडी खा, लोणीसुद्धा खा. लोणी चालतं! पण ज्याला फासायचं तो पाव नाही चालत. म्हणजे खोगीर घ्या, घोडा विसरा! आणि एवढ्यावर थांबावं ना? नाही. वळली आमच्या हिच्याकडे. "काकू, हे एकट्याने होत नाही, आधार लागतो. घरच्यांना सांगा, ओळखीपाळखीत सांगा, बरोबरीने करणारं कुणी जोडीला बघा, आणि दर आठवड्याला चारचौघांसमोर वजन करा." झालं! आमच्या हिला नुसतं "जरा सांग" म्हटलं तरी गाव गोळा होतं, हिला तर डॉक्टरणीने चिठ्ठीच दिली! मी दवाखान्यातून लंगडत घरी पोचेपर्यंत माझा बटाटा बंद झाल्याची बातमी माझ्या आधी पोचलेली!

आता कोपऱ्यावरचा पाववाला. माझा दोस्त हो! भट्टीतून निघालेला पहिला पाव कुणाचा, तर काकांचा. त्या दिवसापासून मी कोपऱ्यावर दिसलो की हा शटर ओढतो! तेही अर्धं! खालून गिऱ्हाइकांचे पाय दिसतायत, वास तर असा येतोय की मेलेला उठून बसेल, आणि मी बाहेरून विचारतो, "अरे, आहे का दुकान चालू?" आतून आवाज येतो, "बंद आहे!" "मग बोलतंय कोण?" "दुकान बोलतंय! काका, घरी जा, अंडं खा!" पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि शटरमागून अंडं खा!

घरी यावं तर घरी त्याग चालू. आमची ही म्हणाली, "तुम्ही नाही ना खाणार, मग मीही नाही." तुम्हाला सांगतो, बायकोने आपल्यापायी केलेला त्याग बटाट्यापेक्षा जड असतो, पचतच नाही! दिवसभर माझ्याकडे अशी बघते, जणू तिच्या वाटणीचा पाव मीच गिळून बसलोय. कपाट धाडकन लावते, भांडं दाणकन ठेवते. विचारलं काय झालं, तर म्हणते, "काही नाही. तुम्हाला आधार देतेय."

आणि जोडीला कोण सापडावं? विहीणबाई! सुनेची आई! दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्याही रक्तात साखर निघाली. रक्तातच हो, जिभेवर कधी नव्हती! लग्न ठरलं तेव्हापासून आमचं जमतं ते असं, की ती बोलली की मी खोडा घालायचा आणि मी बोललो की तिने. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई जोडीने करा. खायचा मोह झाला की एकमेकांना फोन करायचा, बोलून बोलून मन वळवायचं." मन वळवायचं! ऐका मग. मी दुपारी आपला शांत बसलेलो, पोटात दोन अंडी, डोक्यात काही नाही. फोन वाजतो. "व्याहीबुवा, मोह झालाय हो!" "कसला?" "गरम पाव... वर लोणी... लोणी असं कडेने वितळून खाली येतंय... आणि वर साखर, कुरकुरीत..." "अहो बाई, पुरे!" "नाही, बोलले ना की बरं वाटतं!" तिला बरं वाटतं, ती फोन ठेवते, आणि इकडे माझ्या तोंडाला जे पाणी सुटतं ते थांबता थांबत नाही! मग मी तिला फोन करायचा. "विहीणबाई, उकडलेला बटाटा, वर मीठ, वाफ निघतेय..." "नका हो, नका!" असे आम्ही संध्याकाळपर्यंत एकमेकांना आधार देत बसायचो. खाल्लं नाही काही, पण ऐकून ऐकूनच अर्धा किलो वाढला असेल!

आता वजन. वजनाला बाहेर कशाला जायचं? माझा धंदाच तो! वजनकाटे दुरुस्त करतो मी, खाली दुकान, वर घर. दुकानात पोती तोलायचा जुना काटा आहे, खाली लोखंडी फळी, समोर उभा खांब, खांबावर आडवी दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. दांडीच्या टोकाला असते एक छोटी चाकी. काटा बरोबर शून्यावर आणायचा तर ती फिरवायची. आणि काट्याला खोटं बोलायला लावायचं असलं तरी तीच फिरवायची! आता मला सांगा, अशी चाकी माझ्या हाताशी, आणि फळीवर चढणार कोण, तर विहीणबाई! मांजरापुढे दूध ठेवायचं आणि वर म्हणायचं, डोळे मिट!

आठवड्याला सगळे जमायचे. आधी विहीणबाई, मग मी. पहिल्याच वेळी मी हळूच चाकी फिरवली, अशी की बाई दोन किलोंनी वाढलेली दिसावी. म्हटलं, आता भांडेल, काट्याला शिव्या देईल, मला देईल, मजा येईल! तर ती भांडली नाही हो. उतरली. कडेच्या स्टुलावर बसली, पदराने कपाळ पुसलं आणि इतकंच म्हणाली, "माझ्याने नाही होत, व्याहीबुवा. तुम्ही करा. मी सोडते." आवाज नाही, टोमणा नाही... ही काय विहीण आहे? खोडी काढली आणि हसूच आलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं! मी म्हटलं, "थांबा, काटा कुरकुरतोय, परत चढा." आणि चाकी फिरवली उलटी! चांगली तीन किलो! बाई एकदम हलकी! तोंड असं फुललं, म्हणाली, "मला वाटतच होतं, हा काटा तुमच्यासारखाच लबाड!" झाली चालू परत! तेव्हापासून दर खेपेला तिच्यासाठी चाकी उलटी, ती उतरली की गुपचूप सरळ, मग मी. एकट्याने होत नाही ना, आधार लागतो! दिला मी माझ्या परीने!

माझं वजन करतानाचा थाट तर बघण्यासारखा. गुडघ्याने तोल जायला नको म्हणून आमची ही मागून माझा कमरेचा पट्टा धरून उभी. दांडीवरचं वजन सरकवायला पाववाला, कारण फळीवर उभं राहून मला चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही. आणि उतरतंय हो वजन! अठ्ठ्याण्णव! शहाण्णव! त्र्याण्णव! टाळ्या! मला वाटलं, माझ्यासारखा निग्रही माणूस पृथ्वीवर नाही.

आणि मग तो दिवस आला. विहीणबाई फळीवर चढली, तिने ठरवलेला आकडा लागला, आणि बाईने तिथून जी उडी मारली ती आमच्या हिच्या गळ्यात! ही रडते, ती हसते, सूनबाई दोघींना धरते, आणि त्या गोंधळातच हिने नेहमीप्रमाणे मागून पट्टा धरून मला चढवलं फळीवर. पाववाला ओरडला, "एकोणनव्वद! काका, एकोणनव्वद!" तुम्हाला सांगतो, मी डोळ्यांपुढे बघतोय वकिलाची बेल... बोट बेलवर... आणि मी जिना उतरतोय, दोन दोन पायऱ्या!

दुसऱ्या दिवशी वरात दवाखान्यात. बायको, सून, विहीण, आणि पाववाला दुकान बंद करून. खरोखरचं बंद! डॉक्टरणीने फळीवर उभं केलं. हिने सवयीने पट्टा धरला. डॉक्टरीण म्हणाली, "काकू, बाजूला व्हा." पाववाला पुढे झाला. "तुम्हीही बाजूला." आणि आकडा आला... सत्त्याण्णव!

मी म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय. आणून द्या माझ्याकडे." तेवढ्यात मला चाकी आठवली. विहीणबाईसाठी फिरवलेली, सरळ करायला विसरलेली! म्हटलं, तीन किलो तिथे गेले. पण उरलेले पाच? तर आमची ही पदराशी चाळा करत म्हणते, "अहो, मी मागून जरा... उचलून धरत होते. तुमचा हिरमोड नको म्हणून. पट्ट्याला धरून वर." वर! बायको मला दर आठवड्याला उचलत होती आणि मला वाटत होतं मी हलका झालोय! आणि पाववाला मान खाली घालून, "काका, मीही दांडीवरचं वजन जरा अलीकडेच थांबवत होतो. तुमचं तोंड बघवत नव्हतं." घ्या! काटा माझा, दुकान माझं, आणि माझ्या नाकासमोर सगळ्यांनी मलाच तोललं!

डॉक्टरणीने सगळ्यांकडे बघितलं आणि शप्पथ सांगतो, पहिल्यांदा हसली. अशी हसली, अशी हसली, की टेबल धरावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आजोबा, सात किलो खरे उतरलेत, ते काही थोडे नाहीत. अजून तेवढेच. मग गुडघा."

आता माझी पाळी होती. विहीणबाईकडे बघवेना. म्हटलं, हिला कळलं की हिचीही चाकी... मीच सांगितलं. पहिल्या दिवसाचंही सांगितलं. तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "माझ्या डॉक्टरने परवा रक्त तपासलंय. साखर उतरलीय. रक्ताला चाकी नसते, व्याहीबुवा!" आणि असं गोड हसली... लग्नापासून मला त्या हसण्याची भीती वाटते. "तुम्ही मला आधार दिलात. खोटा दिलात, पण दिलात. आता मी मोकळी झाले. आता माझं सगळं लक्ष तुमच्याकडे."

मला वाटलं, बोलण्यात बोलली असेल. अहो, परवा राहायलाच आली! आमच्या घरी! तीन बॅगा, काकड्यांची टोपली, आणि कागदात गुंडाळलेला स्वतःचा काटा. काचेचा, आकडे उजळणारा. आल्या आल्या हिला सांगितलं, "तुम्ही हात मागे बांधून दारात उभं राहायचं." पाववाल्याला सांगितलं, "तुम्ही रस्त्यावरून टाळ्या वाजवायच्या." आमची ही खूश! म्हणते, "बघा, एकट्याने होत नाही ना?"

आज दुपारी सगळ्या आत बोलत बसल्या होत्या. म्हटलं, बघू तरी. काटा उलटा केला. चाकी नाही! स्क्रू नाही! झाकण नाही! नखाने ओढलं, चमच्याने ओढलं, दात लावून बघितला... उभा जन्म काट्यांत गेला हो माझा, पण याला उघडायला फटच नाही! सगळीकडून गुळगुळीत, विहिणीच्या बोलण्यासारखा! आणि मागून आवाज आला, "काय शोधताय, व्याहीबुवा?"

पळणारच होतो. उठलो, वळलो... कट्!

ती समोर उभी, हातात काकडी. आता पळायचं तर गुडघा हवा, गुडघा हवा तर नव्वदच्या आत जायला हवं, आणि नव्वदच्या आत जायचं तर... काय करता? म्हटलं, आणा ती इकडे. मीठ तरी लावलंय का?